सीन एक: सूर्योदय, कोपीबाहेर

डिप्लोमा फिल्मची स्क्रिप्ट माझ्या मते तयार होती. अठरा मिनिटं, चौदा सीन, चार दिवसांचं शूट. विषय ऊसतोड. वाचन दणकून केलं होतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', हंगामाआधी मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल', ती फिटेस्तोवर सुटका नाही, हे सगळं पाठ. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या 2019 सालच्या बातम्यांची कात्रणंही फायलीत होती. सर स्क्रिप्ट वाचून एवढंच म्हणाले, "जागेवर जाऊन रेकी करून ये, मग बोलू." मी मनातल्या मनात तोंड वाकडं केलं.

पहिला सीन माझा लाडका. सूर्य उगवतोय, कोपीबाहेर, म्हणजे मजुरांच्या झोपडीबाहेर, चूल पेटलीय, बाई भाकरी थापतेय आणि धुरातून तिरपी उन्हं येतायत. कॅमेरामन मित्रानं सूर्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप लावून ठेवलेलं. जानेवारीत वाळवा तालुक्यात सूर्योदय सात-सव्वासातचा. म्हणून मी, तो आणि साउंडवाली मैत्रीण असे तिघं आदल्या रात्री कराडला राहिलो आणि सहाच्या ठोक्याला टोळीच्या तळावर हजर झालो. आपण केवढे लवकर आलो, असा रुबाब होता.

तळावर कोणी नव्हतं. वीसेक कोप्या, बाहेर पालथी घातलेली भांडी, एक कुत्रं. मी चुलीतल्या राखेवर हात धरला, तर ती गार. शेवटच्या कोपीपुढे सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती, कडेवर तान्हा भाऊ.

"आई कुठंय गं?"

"फडात."

"कधी गेली?"

"अंधारात."

एवढं बोलून तिनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. कॅमेरामननं खिशातून फोन काढला, अ‍ॅप बंद केलं आणि परत ठेवला. माझी भाकरी थापणारी बाई पहाटे साडेतीनलाच भाकरी थापून, फडक्यात बांधून निघून गेलेली होती.

फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या रानात, पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. खोडापाशी वाकून, जमिनीला टेकवून घाव घालायचा, कारण साखर बुडख्याकडे जास्त. उंच तोडलं की ओरडा. मग पाचट सोलायचं, वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, छाटायचं. माझ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं, 'ती दोरीनं मोळी बांधते.' इथं एका ताईंनी चार वाढी घेतली, दोन्ही हातांनी पीळ दिला, मोळीखालून सरकवून गुडघा दाबला आणि गाठ मारली. पाच सेकंदं लागली असतील. मी दोरीचं विचारलं तर शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आगं, दोरी म्हनती ही! दोरी काय मुकादमाचा बाप देतुय?" दोघी खळखळून हसल्या. स्क्रिप्टमध्ये या बाया चौदा सीनमध्ये एकदाही हसत नव्हत्या.

मग नियोजनाचा एकेक खिळा निखळायला लागला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. वीस कोयते म्हणजे तीस-चाळीस टन, जवळपास एकरभर रान. मी एकाच फडातले तीन सीन दोन दिवसांत विभागले होते. दुसऱ्या दिवशी मागचा उभा ऊसच नसणार! ऊस एकदा तोडला की रिटेक नाही, ही साधी गोष्ट पुण्यात बसून तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. पुढचा फड कुठला, ते कारखान्याच्या चिटबॉयकडून, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाकडून, आदल्या संध्याकाळी कळणार. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते, त्यामुळे ट्रॅक्टर आला की रात्र असो, भरायचाच. लोकेशन लॉक करणं वगैरे इथं विसरा.

साउंडवालीची वेगळीच कथा. तिनं हेडफोन लावले आणि बांधावरच्या ट्रॅक्टरनं भोंगे लावले. एकामागून एक गाणी, थेट दुपारपर्यंत. ड्रायव्हर जेवायला बसला तेव्हा वीस मिनिटं शांतता मिळाली. तेवढ्यात तिनं पाचटाची सळसळ आणि कोयत्याचा घाव टिपून घेतला आणि मला म्हणाली, "तुझे सगळे संवाद या वीस मिनिटांत बसव."

जेवताना त्याच ताईंनी विचारलं, "आमाला फोटूत घेनार म्हंजे काम बंद ठिवायचं का?" मी म्हटलं, फार नाही, अर्धा-एक दिवस. "मंग आमचा खाडा कोन भरनार?"

खाडा म्हणजे कामाला दांडी पडली की कापले जाणारे पैसे. या टोळीत कोयत्यामागे दिवसाला हजार. हा शब्द मी वाचला होता, अधोरेखितही केला होता. पण माझ्या बासष्ट हजारांच्या बजेटमध्ये 'जुन्या साड्या व कोयते भाडे' असा रकाना होता, खाड्याचा नव्हता. मी काहीतरी पुटपुटले. ताईंनी उत्तराची वाट पाहिली नाही, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि उठल्या.

संध्याकाळी तळावर परत गेलो. बाया अजून फडावर गाडी भरत होत्या. सकाळचीच ती मुलगी चुलीपाशी, भाऊ गोधडीवर झोपलेला. ओलं सरपण पेटत नव्हतं म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा जाळून त्यावर फुंकर घालत होती. धूर होता, तिरपी उन्हंही होती, मावळतीची. कॅमेरामननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिच्या आईला विचारल्याशिवाय नाही. त्यानं कॅमेरा बॅगेतच ठेवला. शूटमध्येही या मुलीला घ्यायचं नाही, भूमिकेसाठी दुसरी शोधायची, हे तिथंच ठरलं.

परतीच्या एसटीत मी पहिलं पान खोडून पुन्हा लिहिलं. 'सीन एक. कोपी, आत. पहाटे साडेतीन. उजेड: बॅटरीचा. मुलगी जागी आहे, झोपेचं सोंग घेते. आई निघते.'

"कॉल टाइम?" कॅमेरामननं विचारलं.

"रात्री दोन."

मग बजेटचा कागद काढला. खाडा: दोन कोयते, चार दिवस, आठ हजार. ते आणायचे कुठून? ड्रोनचं भाडं साडेआठ होतं, त्यावर मी रेघ मारली. कॅमेरामन सातारा येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.