मावशी, एक फोटो काढू?

एवढं विचारायला मला तीन रविवार लागले. तोवर पुण्याच्या महात्मा फुले मंडईत जाऊन मी वांग्यांच्या ढिगांचे, तराजूंचे आणि १८८६ सालच्या त्या इमारतीच्या अष्टकोनी मनोऱ्याचे फोटो काढत होतो. वांगी 'कशाला रे काढतोस?' असं विचारत नाहीत. झूम लेन्सनं लांबून काही चेहरेही टिपले, पण ते चोरल्यासारखेच दिसायचे.

चौथ्या रविवारी झूम घरी ठेवून ५० मिमीची लेन्स लावली. हिला लांबचं जवळ आणता येत नाही. चेहरा हवा तर आपणच चार पावलं पुढं होऊन माणसासमोर उभं राहायचं.

लिंबूवाल्या मावशी म्हणाल्या, "काढ की." आणि क्षणात पदर सारखा, पाठ ताठ, नजर थेट आधार कार्डावरची! इकडे माझे हात कापत होते, शटर १/३० सेकंदावर राहिलेलं, म्हणजे कापऱ्या हातांसाठी फारच संथ. फोटो हलला. जुन्या स्टुडिओत फोटो काढून घेणाऱ्याची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. इथं तो मला लावायला हवा होता. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसनं कॅमेऱ्यासमोर स्वतःलाच उभं केलं, त्याचं पहिला सेल्फी म्हणून कौतुक होतं. मला आपला संशय आहे, त्यालाही दुसऱ्या कुणाला विचारायची लाज वाटली असावी.

कॅमेरा खाली केला तेव्हा दिसलं, मावशी एकच लिंबू पुन्हापुन्हा पुसत होत्या. म्हणजे घाबरणारा मी एकटा नव्हतो तर! शटर १/२०० सेकंदावर, म्हणजे बरंच जलद नेलं आणि विचारलं, "लिंबं कशी दिली?"

"धाला तीन."

"चार द्या ना."

"गळ्यात एवढा मोठा कॅमेरा, आन लिंबाला रडतोय!" म्हणत त्या जोरात हसल्या, आणि माझं बोट आपसूक दाबलं गेलं. इतक्या जवळून १.८ च्या ॲपर्चरला, म्हणजे लेन्सचं छिद्र एवढं मोठं उघडलं की, फोकस एका डोळ्यापुरताच मिळतो. कान आणि मागची गर्दी धूसर झालेली. पण तो डोळा हसत होता.

पुढच्या रविवारी प्रिंट नेऊन दिली. मावशींनी ती हात लांब करून निरखली, मग शेजारच्या कोथिंबीरवालीला दाखवली आणि मला विचारलं, "लिंबं कुठायत?"