कोलाडचं राफ्टिंग, टी-ग्रिप आणि ताईचा दात

सरळच सांगतो. मे महिन्यात कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो आणि माझ्या हातातल्या पॅडलनं, म्हणजे वल्ह्यानं, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा वरचा पुढचा दात मुळासकट निघाला, ओठ फाटला तो वेगळाच. तीन महिने झाले, ह्यावर लिहायचं का नाही हेच ठरत नव्हतं. पण परवा ऑफिसमधल्या एका ग्रुपचं कोलाडला जायचं ठरलं आणि त्यातल्या एकालाही पॅडल कसं धरायचं ते माहीत नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

पहाटे पाचला पुण्यातून निघालो, मी, ताई, भाऊजी आणि माझे दोन मित्र. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, मग खाली उतरून कोलाडच्या बाजूला. मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतं ना, तेच पाणी पुढे आपल्याला राफ्टखाली भेटतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि पाइपातून सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडतात, तिथलं वीजघर १९२७ सालचं, टर्बाइन फिरवून झालं की ते पाणी कुंडलिका नदीत येतं. म्हणून तर भर मे महिन्यात, बाकीच्या नद्यांत नुसते गोटे दिसत असताना कुंडलिका वाहत असते, आणि म्हणूनच राफ्टिंग सकाळीच, पाणी सोडलं की निघायचं. (ह्याच धरणासाठी मावळातल्या लोकांच्या जमिनी गेल्या, १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. ताई घाटात भाऊजींना हेच सांगत होती, ती शिक्षिका आहे, तिला गप्प बसवत नाही.)

तर ब्रीफिंग. आमच्या आधीच्या बॅचला उशीर झाला होता, पाणी आलेलं होतं, सगळ्यांना घाई. लाइफ जॅकेट, हेल्मेट, फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन, संपलं. गाइड म्हणाला वरचा हात टी-ग्रिपवरून काढायचा नाही. एकदाच म्हणाला, आणि का काढायचा नाही ते काही म्हणाला नाही. टी-ग्रिप म्हणजे पॅडलच्या वरच्या टोकाची आडवी मूठ, कडक प्लॅस्टिकची. मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण तेवढ्यात मित्र फोटो काढत होता.

साधारण बारा किलोमीटरचा पट्टा आहे, रॅपिड, म्हणजे पाणी खळाळत उसळतं ते टप्पे, ग्रेड दोन-तीनचे, म्हणजे मध्यम जोराचे. पहिले दोन-तीन मजेत गेले. मी डाव्या ट्यूबवर (राफ्टची हवा भरलेली कड) पुढे, ताई माझ्या बरोब्बर मागे. मग एका ठिकाणी राफ्टचं नाक एकदम खाली गेलं, समोरून पाण्याची भिंत आली, माझा पाय आडव्या ट्यूबखालून सुटला आणि मी तोल सावरायला वरच्या हातानं जे सापडेल ते धरलं. म्हणजे टी-ग्रिप सोडली. खालचा हात दांड्यावर तसाच, पातं पाण्यात, पाण्यानं पातं जोरात ढकललं आणि वरची मूठ सुटलेल्या तरफेसारखी मागे फिरली, आणि ताई नेमकी त्याच वेळी स्ट्रोक मारायला पुढे वाकलेली. टक् असा आवाज आला, पाण्याच्या एवढ्या गोंगाटात तो आवाज मला ऐकू आला. हेल्मेट होतं हो तिच्या डोक्यावर. पण हेल्मेट तोंड झाकत नाही.

ती ओरडली पण नाही. तोंडावर हात, बोटांतून रक्त, आणि मी वळलो तर माझ्याकडे बघून म्हणाली, "दात पडला रे." ओंजळीत थुंकली तर खरंच दात, अख्खा, मुळासकट. नशीब तोंडातच राहिला, पाण्यात पडला असता तर संपलंच होतं.

गाइडनं राफ्ट काठाला लावली. तिथून पुढे जे झालं ते एका मावशींमुळे झालं. दुसऱ्या राफ्टमध्ये होत्या, रिटायर्ड नर्स. मी तो दात नदीच्या पाण्यात खळखळून धुवायला निघालो होतो, त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, मुळाला हात लावू नकोस, घासू तर अजिबात नकोस, वरच्या पांढऱ्या भागाला धर आणि दूध बघ कुठे मिळतंय. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दूध? तर मुळावर अगदी पातळ जिवंत थर असतो, तोच दात परत हाडाला धरून ठेवतो, साध्या पाण्यात त्या पेशी फुगून मरतात, दुधात काही तास तग धरतात. सगळ्यात चांगलं म्हणजे लगेच दात जागेवर बसवून रुमालावर हलकं चावून धरायचं, पण ताईचा ओठ इतका फाटला होता की ते जमेना. काठावर वर एक घर होतं, तिथल्या काकूंनी म्हशीचं ताजं दूध वाटीत दिलं, पैसे घेतले नाहीत, उलट ताईला ओला टॉवेल दिला. दात वाटीत, वाटी माझ्या मांडीवर, जीपनं रोह्याला.

रविवार. दोन दवाखाने बंद. तिसऱ्या डॉक्टरांना शेजारच्या मेडिकलवाल्यानं घरी फोन लावला, ते जेवण सोडून आले. अपघातानंतर साधारण तासाभरात दात परत जागेवर होता. शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला, ओठाला पाच टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. मी बाहेर बाकावर. भाऊजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि मला ते बरोबरच वाटलं.

दोन आठवड्यांनी पुण्यात तार काढली, त्याच सुमारास रूट कॅनाल सुरू, कारण आतली नस मेलेलीच होती. दात धरलाय. पण डॉक्टरांनी आधीच सांगितलंय की मूळ हळूहळू विरघळू शकतं, पुढची काही वर्षं दर काही महिन्यांनी एक्स-रे काढत राहायचा.

ताई पहिलीच्या वर्गाला शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ओठ अजून सुजल्यासारखा दिसायचा, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांचे पुढचे दात पडलेले. एका मुलीनं तिला विचारलं म्हणे, बाई तुमचा पण हलतोय का. हे तिनं मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, घशात आलं.

एक दिवस मी माफी मागायला बसलो, सगळं पाठ करून गेलो होतो. ती म्हणाली, "तुला हात सोडू नको एवढंच सांगितलं, का ते सांगितलं असतं तर तू सोडला असतास का?" मला खरंच वाटतं नसता सोडला. पण हात माझा होता.

परत जाणार का म्हणून लोक विचारतात. ताईला जायचंय. मी ऑफिसच्या पोरांना काल कॅन्टीनमध्ये झाडूचा दांडा घेऊन दाखवलं, वरचा हात मुठीवर, पडलात तरी मुठीवर, पाण्यात गेलात तरी मुठीवर, आणि मागच्याचं तोंड नेमकं कुठे येतं ते. त्यातल्या एकाला मागे उभं केलं आणि दांडा हळूच फिरवला. गप्प झाले सगळे.

गेल्या रविवारी सिंहगडावर गेलो होतो, धुकं, पाऊस, भाजलेली कणसं. ताईला पुढच्या दातांनी चावायला अजून बंदी आहे. मी तिच्या कणसाचे दाणे एकेक काढून तिच्या हातात देत बसलो आणि ती मीठ-तिखट कमी झालंय म्हणून ओरडत होती.