डाळिंब, हिरवी मिरची आणि पांढरी रम

तिखट कॉकटेल घरी बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: मिरची थेट ग्लासात जाते. ठेचून, चिरून, नाहीतर वरून तिखट भुरभुरून. मग पहिला घोट फिका, तिसऱ्याला ठसका आणि तळाशी पोचेपर्यंत दाताखाली बी. मिरचीचा तिखटपणा आधी दारूत उतरवून घ्यावा, चाखून हवा तेवढाच ठेवावा, गाळावा आणि मगच बाकीचं जुळवावं.

मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं. आपल्याकडे रम, व्होडका, जिनच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, तेवढं अल्कोहोल या कामाला भरपूर झालं. आणि खरा जाळ बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत असतो. त्यामुळे नुसत्या बिया झटकून मिरची सौम्य होत नाही, शीर खरवडावी लागते.

१८० मिली पांढरी रम घ्या, म्हणजे एक क्वार्टर. व्होडकाही चालते. जिनचा स्वतःचा वास मिरचीशी भांडतो, म्हणून ती मी सुचवणार नाही. मेक्सिकोची टकीला या प्रकारात उत्तम, पण खिशाला जड, आणि डाळिंबासोबत रम तिच्या फार मागे पडत नाही. मध्यम तिखटाच्या दोन लांब हिरव्या मिरच्या धुऊन अगदी कोरड्या करा, देठ काढा, उभ्या चिरा आणि एकीची शीर काढून टाका. काचेच्या बरणीत रम ओतून मिरच्या त्यात बुडवा. लवंगी मिरची असेल तर एकच पुरे. भज्याच्या जाड पोपटी मिरचीत वास छान असतो, तिखट मात्र नावालाच.

इथे घड्याळ लावून बसा. थंड हवेच्या देशांतल्या कृतींत तासभर, कधी रात्रभर भिजवायला सांगतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात खोलीतच ३५ अंशांच्या वर तापमान असतं आणि गरम दारूत मिरची झपाट्यानं उतरते. दहाव्या मिनिटाला पहिली चव घ्या: एक चमचा रम, दोन चमचे पाणी. गिळल्यावर अर्धा मिनिट थांबा, कारण तिखट उशिरा चढतं. लगेच ‘काहीच नाही’ म्हणून मिरच्या ठेवून दिल्या की हमखास घोटाळा होतो. पुढे दर पाच मिनिटांनी चाखा. साधारण १५ ते २५ मिनिटांत काम होतं. घशात ऊब लागली आणि जीभ अजून शांत असली, की लगेच गाळा. जास्त वेळ राहिली तर तिखट वाढतंच, शिवाय हिरवट कडसर चव येते आणि ती पुढे कशानंच झाकत नाही. तिखट जास्त झालं तर त्यात साधी रम मिसळून सौम्य करा. पाणी घातलं तर तिखटाबरोबर दारूही पातळ होते.

हाताला लागलेली मिरची आधी थोडं तेल चोळून, मग साबणानं धुवा. डोळ्याला हात लावणं त्यानंतरच.

आता डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातला भगवा वाण रसाला गोड, रंगाला गडद आणि आंबटपणाला कमी असतो. गोडवा फळातून आणि आंबट लिंबातून घेता येतं, म्हणून कॉकटेलला हा वाण सोयीचा. हस्त बहराची, म्हणजे पावसाळा सरताना धरलेल्या फुलोऱ्याची फळं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, म्हणजे ऊन तापायला लागताना बाजारात ताजा माल असतो. मध्यम आकाराच्या एका फळातून १०० मिलीच्या आसपास रस निघतो.

रस काढताना मिक्सर सलग फिरवू नका. दाण्यातली बी दळली गेली की रस तुरट आणि गढूळ होतो. दोन-तीनदा नुसता झटका देऊन थांबवा आणि सुती फडक्यातून पिळा. पांढरी पापुद्र्याची साल एक कणही नको, ती कडू असते. डब्यातला तयार रस वापरायचा असेल तर साखर आधीच घातली आहे का ते पाहून पाक कमी करा.

पाकासाठी १०० ग्रॅम साखर, १०० मिली गरम पाणी. ढवळून विरघळवा, गार करा, फ्रिजमध्ये ठेवा. उकळून चिकट करायचा नाही, घट्ट पाक थंड पेयात तळाशी बसतो. लिंबू ऐनवेळी पिळा आणि साल चुरगळेपर्यंत दाबू नका. उन्हाळ्यात लिंबं महाग आणि कोरडी निघतात, म्हणून ‘एक लिंबू’ असं माप कधीच धरू नये. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण धुऊन वापरलं तर १० आणि १५ मिली अचूक मिळतात.

एका ग्लासाला: मिरचीची रम ४५ मिली, डाळिंबाचा रस ६०, लिंबाचा रस २०, पाक १५, मीठ एक चिमूट, पुदिन्याची सहा-सात पानं, वरून थंड सोडा ६० मिली. बर्फाचं पाणी धरून ग्लासात अल्कोहोल साधारण ८ टक्के राहतं, म्हणजे स्ट्राँग बियरइतकं. चवीला ते कळत नाही, म्हणून आकडा लक्षात ठेवा. मीठ साधंच घ्या. ते कडसरपणा दाबतं आणि फळाची चव वर आणतं. काळ्या मिठाचा वास मात्र डाळिंबाला गिळून टाकतो.

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत सोडा सोडून सगळं घाला. पुदिना तळहातावर एकदा आपटून टाका, कुटू नका. कुटला की काळा पडतो आणि गवतासारखा लागतो. बर्फाचे सात-आठ मोठे तुकडे फ्रीझरमधून काढल्याबरोबर टाका. ताटलीत काढून ठेवलेला बर्फ पाच मिनिटांत पाझरायला लागतो आणि तेवढं पाणी पेयात जातं. बोअरच्या पाण्याचा बर्फ खारट लागतो, पिण्याच्या पाण्याचाच लावा आणि ट्रे झाकून ठेवा, नाहीतर फ्रिजमधल्या लसणाचा वास धरतो. १२ ते १५ सेकंद जोरात हलवा, बाटली हाताला सोसवेनाशी गार झाली पाहिजे. ताज्या बर्फावर गाळा आणि सोडा ग्लासाच्या कडेनं सोडा. सोडा बाटलीत हलवला तर झाकण उडतं.

तिखट आणि गारवा एकाच घोटात कसे नांदतात, त्याचं उत्तर आपल्या नसांत आहे. कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या टीआरपीव्ही-१ या ग्राहकाला, म्हणजे नसांतल्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला चेतवतं. या ग्राहकाच्या शोधासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. पुदिन्यातलं मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाला हात घालतं. अल्कोहोल पहिल्या ग्राहकाला आणखी हळवं करतं, म्हणून तेवढीच मिरची सरबतापेक्षा दारूत जास्त झोंबते. पेय कोमट होत गेलं की तिखट पुढे येतं. त्यामुळे लहान ग्लास भरा, लवकर संपवा, हवा तर दुसरा करा. मोठा ग्लास अर्ध्यावर पोचेपर्यंत त्याची चव बदललेली असते.

सोबत भाजलेल्या खाऱ्या शेंगा ठेवा. शेंगदाण्यातल्या तेलात कॅप्सेसिन विरघळतं आणि जीभ पुन्हा ताजी होते. सोलापुरी शेंगाची चटणी आपल्या जागी अमृत, पण या ग्लासाबरोबर नको. तिखटावर तिखट चढलं की डाळिंब हरवतं. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी हवंच, कारण दारूनं लघवी वाढते आणि ४२-४३ अंशांच्या दिवसांत अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. हे संध्याकाळी, ऊन उतरल्यावरचं पेय आहे. महाराष्ट्रात रमसारख्या मद्याला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो.

सहा जणांना करायचं असेल तर रस, पाक, लिंबू आणि रम अर्धा तास आधी एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. पुदिना, बर्फ, सोडा ऐनवेळी. उरलेली मिरचीची रम गाळलेली असेल तर घट्ट बाटलीत महिनाभर छान राहते, फक्त बाटलीवर चिठ्ठी चिकटवा.

दारू न घेणाऱ्यासाठी उभी चिरलेली एक मिरची १०० मिली कोमट पाकात दहा मिनिटं ठेवून गाळा. पाण्यात तिखट थोडंच उतरतं, तेवढी झणझण पुरते. पाक उकळू नका, शिजलेल्या मिरचीचा भाजीसारखा वास येतो. हा पाक २० मिली, डाळिंबाचा रस ९० मिली, लिंबू २० मिली आणि सोडा १०० मिली.