काळापहाड ड्रॅगन झाला तर

फ्लाइट रायझिंग माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. ब्राउझरमधे चालणारा गेम आहे, २०१३ पासून चालू आहे, आपलं एक लेअर म्हणजे ड्रॅगनचं घर असतं, त्यात ड्रॅगन पाळायचे, खायला घालायचं, जोड्या लावायच्या, अंडी उबवायची. लढाया वगैरे पण आहेत पण माझा जीव तिकडे रमत नाही. माझा जीव आहे फॅनड्रॅगनमधे. म्हणजे आपल्या आवडत्या गोष्टीतलं पात्र घ्यायचं आणि ते ड्रॅगन म्हणून जन्मलं असतं तर कसं असतं ते बनवायचं. बाकीचे लोक बहुतेक अॅनिमे नाहीतर दुसऱ्या गेममधली पात्रं करतात. मी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधला काळापहाड केलाय!

आधी माझं ठाम मत सांगून टाकते. पात्राचे कपडे बघून ड्रॅगन बनवायला घेऊ नका. टोपी आहे मग टोपी घाला, लाल कोट आहे मग लाल रंग द्या, असं केलं की ड्रॅगनला नुसता फॅन्सी ड्रेस घातल्यासारखं दिसतं. सुरुवात तिथून करायची जे नंतर बदलता येत नाही. ब्रीड म्हणजे जात, ती गेममधल्या स्क्रोलने बदलते, जीन म्हणजे अंगावरची नक्षी, तेही स्क्रोलने बदलतात, कपडे तर कधीही काढघाल करा, पण एलिमेंट, म्हणजे वारा, माती, आग, सावली असं तत्त्व, जन्मताना जे मिळालं ते कायमचं आणि रंग बदलायला स्कॅटरस्क्रोल वापरला तर काय पदरात पडेल ते नशिबावर. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी स्वभाव, मग एलिमेंट आणि रंग, मग ब्रीड आणि जीन, आणि कपडे सगळ्यात शेवटी.

काळापहाडचंच बघा. वरून काळा, दुर्जनांना धडकी भरवणारा, आणि आत चंद्रवदन, गोरगरिबांचा कैवारी. एलिमेंट शॅडो, यात मला विचारच करावा लागला नाही, डोळे जांभळे मिळतात आणि ते काळ्या अंगावर कसले भारी दिसतात. अंगाचा रंग ऑब्सिडियन. आता गंमत अशी की या गेमच्या रंगांमधे मून नावाचा एक रंग आहे, पांढऱ्याला लागून येतो. चंद्रवदनासाठी आणखी काय पाहिजे! मग टर्शरी म्हणजे तिसरा रंग मून आणि त्यावर अंडरबेली जीन, म्हणजे पाठ, पंख सगळं काळंकुट्ट आणि पोटाकडे तो फिकट चंद्राचा रंग. समोरून आला तर अंधार, आणि चेहरा वर करून उभा राहिला की खालचा माणूस दिसतो. पुस्तकं वाचताना मला तो असाच वाटायचा.

ब्रीड गार्डियन. काही जणांना वाटेल की आकार मोठा म्हणून घेतली असेल. पण गार्डियनच्या कथेत असं आहे की वयात आला की त्याला आपला चार्ज शोधावा लागतो, म्हणजे ज्याचं आयुष्यभर रक्षण करायचं ती व्यक्ती किंवा जागा किंवा वस्तू. काळापहाडचा चार्ज म्हणजे ज्यांना कुणी वाली नाही ते सगळे. ड्रॅगनच्या बायोमधे, म्हणजे ओळखीत, तेवढंच लिहिलंय, मोठी गोष्ट लिहायची गरजच वाटली नाही.

हा ड्रॅगन मला घरी काढता आला नसता. पिल्लाला एलिमेंट मिळतं ते ज्याच्या लेअरमधे अंडं फुटतं त्याच्या फ्लाइटचं, म्हणजे एलिमेंटप्रमाणे पडलेल्या गटाचं, आणि मी आहे विंडमधे. म्हणून ऑक्शन हाऊसमधे शॅडो, ऑब्सिडियन, मून असे फिल्टर लावून शोधत बसले, ब्रीड आणि जीनकडे बघितलंच नाही कारण ते नंतर बदलता येतं. विकत घ्यायच्या आधी स्क्राइंग वर्कशॉपमधे, म्हणजे गेममधे ड्रॅगन कसा दिसेल ते आधी बघता येतं तिथे, सगळं लावून बघायचं, हे मात्र विसरू नका, नर आणि मादीची चित्रं वेगळी असतात आणि एकीवर शोभणारा जीन दुसऱ्यावर हरवून जातो.

फास्टर फेणे मात्र माझ्याच घरट्यातला. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा वाऱ्याशिवाय दुसऱ्या कुठल्या फ्लाइटचा असूच शकत नाही. ब्रीड स्पायरल, सापासारखी सडपातळ आणि एका जागी पाच मिनिटं न बसणारी जात, अजून काय सांगू. घरी पैदास करताना रंगांचं चक्र समजून घ्यावं लागतं. पिल्लाचा रंग आईबापाच्या रंगांच्या मधला कुठलाही येऊ शकतो, चक्रावर जी बाजू जवळची पडते तिकडचा, म्हणजे एक ब्लॅक आणि एक मिडनाइट असेल तर मधे ऑब्सिडियन यायची चांगली शक्यता, पण आईबाप लांब लांबचे घेतले तर लॉटरी. मी दोन्ही मातकट, शेजारशेजारचे घेतले होते. अंडं पाच दिवस उबवायचं, मग कळतं. आणि बन्याच्या, म्हणजे फास्टर फेणेच्या, ‘ट्टॉक’चं काय करायचं यावर मी खूप डोकं खाजवलं, आवाज कसा दाखवणार? शेवटी क्रॅकल जीन सापडला, अंगभर बारीक तडे जातात, ते मी झगझगीत रंगात घेतले आणि अगदी ट्टॉक करून फुटल्यासारखं दिसतंय!!

चिमणराव आणि गुंड्याभाऊ जोडीनेच केले. चिमणराव फे, अगदी चिमुकली जात, आवाज सपाट पण मनातली घालमेल डोक्यावरच्या पिसाऱ्यात दिसते. गुंड्याभाऊ अर्थातच स्नॅपर, अर्थ एलिमेंटचा, उडता येत नाही पण ठाण मांडून उभा राहिला की हलायचा नाही. दंडुक्यासाठी अॅक्सेंट, म्हणजे ड्रॅगनच्या चित्रावर बसणारं चित्र, स्वतः काढायचाय, तो ब्रीड आणि नर-मादीप्रमाणे वेगळा लागतो, म्हणून स्नॅपर नराच्या टेम्प्लेटवर सराव चालू आहे.

आता अर्नाळकरांचेच झुंजार आणि विजया. झुंजार लाइटनिंगचा की फायरचा यावर माझा भाऊ आणि मी रोज वाद घालतोय. त्याचं म्हणणं फायर, कारण मारामारी. मला पटत नाही, झुंजार आधी डोकं चालवतो आणि मग हात, त्यामुळे माझ्याकडून लाइटनिंग पक्कं. विजयाचा रंग अजून ठरत नाहीये. तिला मी झुंजारच्या रंगावर रंग मिळवून बनवणार नाही, तिचा शोध वेगळा घ्यायचाय.