उघड्या गाड्यांचं काम: आमची वाटचाल

आमच्या कार्यशाळेत रणगाडे होत नाहीत, विमानंही नाहीत. सैन्याच्या हलक्या, पळापळीच्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती आणि त्यांचे सुटे भाग तेवढे आम्ही करतो. अमेरिकन विलिसची आणि फोर्डची जीप, ब्रिटिश लँड रोव्हर, जर्मन क्युबेलवॅगन, अमेरिकन एम-१५१. एवढ्याशा विषयावर धंदा कसा उभा राहतो, असं नवा माणूस हमखास विचारतो. खरं तर तो उभा राहिला ते विषय एवढासा ठेवल्यामुळेच.

रणगाडा चहूबाजूंनी बंद असतो. झाकण लावलं की आतलं कोणाला दिसत नाही. जीपला दारं नाहीत, टप पाडलेला, काच बॉनेटवर आडवी टेकवलेली. सीटा, पेडलं, गिअरचे दांडे, डॅशबोर्डावरच्या पाट्या, पायाखालचा पत्रा, सगळं एका नजरेत येतं. लपवायला जागाच नाही. त्यात मूळ वस्तू लहान. विलिसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच; १/३५ प्रमाणात, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या हिश्शात, ते ५८ मिलिमीटर. अख्खी गाडी तळहातावर मावते.

(हे १/३५ प्रमाण कुठून आलं, तेही सांगतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी मॉडेल कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात म्हणून जो आकार ठरला तो १/३५ निघाला, आणि पुढे तोच रूढ झाला.)

खरी अडचण जाडीची. गाडीचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास धरला, तर आमच्या मापात तो ०.०३५ मिलिमीटर होतो. किटमधली, म्हणजे विकत मिळणाऱ्या जोडायच्या संचातली, प्लास्टिकची बाजू मात्र एक मिलिमीटरची असते. खऱ्या गाडीत तेवढा पत्रा साडेतीन सेंटिमीटर जाड झाला असता. जोडणी कितीही नीट करा, रंग कितीही सुरेख द्या, बाजूची ती जाड कड दिसली की गाडी खेळण्यातली वाटते. मित्रांच्या मॉडेलांच्या कडा आतून तासून देणं, हे माझं या क्षेत्रातलं पहिलं काम. दिसणारी कड तेवढी धारेला आणायची आणि मागे जाडी तशीच ठेवायची. त्यातूनच लोक पैसे देऊन सुटे भाग मागायला लागले.

पहिला माल पितळी पत्र्याचा होता. ०.१५ मिलिमीटरच्या पत्र्यावर नक्षी उतरवून आम्लाने कोरून घ्यायची. घडी घालायची तिथे अर्धीच जाडी खाऊ द्यायची, म्हणजे पत्रा नेमका त्या रेषेवर वाकतो. काचेची चौकट, कुऱ्हाड-फावड्याचे पट्टे, सीटांच्या कडा यांना पितळेला तोड नाही. पण गोलाई पितळेत येत नाही. चाकं, गाद्या, गुंडाळलेला टप यांसाठी आम्ही रेझिनकडे, म्हणजे साच्यात ओतलं की घट्ट होणाऱ्या प्लास्टिककडे, वळलो.

पंप आणि दाबाचं भांडं घेताना तेव्हा चांगलीच पदरमोड झाली. मास्टर, म्हणजे मूळ नमुना, हाताने घडवायचा, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घ्यायचा, साच्यात पॉलियुरेथेन रेझिन भरायचं. रेझिन काही मिनिटांत आळायला लागतं, तेवढ्यात ते कानाकोपऱ्यात पोचलं पाहिजे. भरलेला साचा दाबाखाली ठेवला की हवेचे बुडबुडे इतके आकसतात की डोळ्यांना दिसेनासे होतात. साचा काही कायमचा टिकत नाही. प्रत्येक ओतणीत रेझिन सिलिकॉनला थोडं थोडं खातं आणि टायरची नक्षी बोथट होत जाते. साचे माझा धाकटा भाऊ सांभाळतो. बोथटपणा माझ्या लक्षात येण्याआधीच तो साचा बाद करतो, आणि याबाबतीत मी त्याच्या शब्दाबाहेर जात नाही.

मग थरावर थर चढवत वस्तू घडवणारी थ्रीडी छपाई आली. मास्टर घडवायचे कष्ट तिने खूपच कमी केले. मात्र ०.०५ मिलिमीटरचा एक थर हा आमच्या मापातल्या अख्ख्या पत्र्यापेक्षा जाड! बॉनेटसारखा किंचित फुगीर भाग सपाट ठेवून छापला तर त्यावर शेतातल्या बांधांसारख्या पायऱ्या उमटतात. म्हणून तो तिरका छापतो, आधाराच्या काड्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला देतो, आणि मास्टर हातानेच घासून गुळगुळीत करतो. हात सुटला असं कधी झालं नाही, होऊही नये.

धंद्याला खरं वळण मिळालं ते फोटोंमुळे. एका गृहस्थांनी वडिलांचा सैन्यातला फोटो पाठवला आणि लिहिलं, 'जीप नको, ही जीप हवी.' तेव्हापासून फोटो वाचणं हे आमचं निम्मं काम झालं. समोरची जाळी पट्ट्या जोडून केलेली असेल तर ती सुरुवातीची विलिस. ठोकून काढलेल्या पत्र्याची, नऊ खाचांची जाळी नंतरची, आणि ती मूळची फोर्डची कल्पना. सात खाचा नागरी जीपच्या, त्या दुसऱ्या महायुद्धातल्या गाडीला लावायच्या नाहीत. जाळीखाली चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलिस, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. बॉनेटवर नंबर दिसत नसेल तर तो नाहीच, असं धरू नये. सुरुवातीला नंबर निळ्या रंगात घालत, आणि कृष्णधवल फोटोत तो ऑलिव्ह ड्रॅबमध्ये, म्हणजे गाडीच्या मळकट सैनिकी रंगात, विरून जातो.

त्याच गृहस्थांच्या पुढच्या पत्रात वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट होती. जीपचा हेडलाइट नट सैल करून मागे उलटवता येतो, म्हणजे रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. बॉनेट उघडं दाखवणाऱ्या संचात आम्ही आता दिव्याची कडी दोन्ही स्थितींत देतो. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिचं झाकण दिसावं म्हणून गादीही सुटी ठेवली आहे.

रंगाचं खातं बायकोकडे आहे. ऑलिव्ह ड्रॅब लोकांना हिरवा वाटतो, पण तो मुळात पिवळसर गेरू आणि काळा यांचं मिश्रण. हिरव्यात हिरवा घालत बसलं तर तो कधीच जुळत नाही. शिवाय लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो, म्हणून ती त्यात फिकट पिवळसर छटा मिसळते. धूळही ती सगळीकडे सारखी टाकत नाही. ड्रायव्हरचा पाय जिथे पडतो तिथला रंग झिजवते आणि पायाखालच्या कोपऱ्यात माती साठवते.

सध्या कामाला घेतली आहे ती लँड रोव्हरची 'लाइटवेट'. ही गाडी हेलिकॉप्टरखाली टांगून नेता यावी म्हणून काढलेली. नेहमीच्या ८८ इंची व्हीलबेसच्या गाडीपेक्षा अरुंद, आणि वजन उतरवायला दारं, काच, टप, सगळं सुटं होणारं. म्हणजे आमच्यासाठी पुन्हा तीच गोष्ट, सगळ्या कडा उघड्या. सुरुवातीच्या गाड्यांचे दिवे जाळीशेजारी, नंतरच्यांचे मडगार्डवर, त्यामुळे पुढचा भाग दोन प्रकारांत द्यावा लागेल. मडगार्डवाल्याचा मास्टर तयार आहे. दुसऱ्याची जाळी पितळेत कोरून यायची आहे. ती आली की दोन्ही संच एकदमच बाहेर काढू.