माती पाहून आखलेला गोल्फचा प्रवास

मागच्या जुलैत काका आणि मी गोल्फच्या काठ्यांची, म्हणजे क्लबांची, बॅग गाडीत टाकून बेळगावहून काणकोणला निघालो, तेव्हा आम्ही फक्त अंतर मोजले होते. जांबोटी सोडल्यापासून पावसाने पाठ सोडली नाही, मलप्रभेच्या उगमापाशी कणकुंबीत धुके दाटले आणि चोर्ला घाट जीव मुठीत धरून उतरावा लागला. किनाऱ्यावर पोहोचलो, तर चेंडू पडेल तिथे रुतून बसे. रुतलेला चेंडू दंड न लागता उचलून, पुसून, त्या जागेच्या मागे सोडता येतो, असा नियम आहे. परंतु दर दोन फटक्यांनी त्याचाच आधार घ्यावा लागला, तर खेळाची लय राहत नाही.

म्हणून यंदाची आखणी मी मातीपासून सुरू केली. बेळगावच्या पश्चिमेची तांबडी, जांभ्याची जमीन पाऊस थांबला की लवकर निथळते आणि उन्हाने टणक होते, त्यामुळे चेंडू टप्पा घेऊन दूर घरंगळतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच असल्याने इथल्या किंचित विरळ हवेत फटकाही थोडा लांब जातो. किनाऱ्यावर तेवढ्याच अंतरासाठी एक पायरी लांब पल्ल्याचा, म्हणजे एकने कमी क्रमांकाचा क्लब घ्यावा लागतो, हे काकांनी वहीत नोंदवून ठेवले आहे. गोल्फर जिला बर्म्युडा म्हणतात, ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ती परकी नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

बेळगावच्या गोल्फ मैदानावर 2022 च्या ऑगस्टमध्ये बिबट्या आला होता आणि त्याच्या शोधासाठी हत्ती आणावे लागले होते. त्या झाडीकडे गेलेला चेंडू मी अजूनही शोधत नाही.

खरा पेच गोकाकचा होता. घटप्रभेचा 52 मीटरांचा धबधबा पावसाळ्यातच भरून कोसळतो, पण गोल्फला कोरडी जमीन हवी आणि त्या बाजूची काळी माती ओली असताना बुटाला चिकटून येते. "धबधबा थोडा बारीक दिसला तरी चालेल, खेळ बुडता कामा नये," असे काका म्हणाले आणि ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ठरला. पहिला दिवस बेळगावात खेळायचे, दुसऱ्या दिवशी चोर्ल्याने गोव्यात उतरायचे, काणकोणला 2 दिवस राहून अनमोड घाटाने खानापूरला परतायचे आणि शेवटी, क्लब घरी ठेवून, गोकाक.