मोपा, मडगाव आणि चार न वापरलेली तिकिटं

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून हैदराबादला चार जणांची विमानाची तिकिटं काढली होती, एकूण २०,४८० रुपयांची. एकही वापरलं गेलं नाही. त्यातले ३,९२० रुपये सोडवायला मोपाला एक आणि मडगावला तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या तीन फेऱ्या अगदी फुकट गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

२०२४ च्या डिसेंबरात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. आठ दिवस आधी सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आमचं जाणं रद्द झालं. पुतण्या म्हणाला, "काकू, काकांच्या तिकिटावर मी जातो." ते होत नाही. विमानाचं तिकीट ज्याच्या नावावर असेल त्यानंच वापरायचं. स्पेलिंग चुकलं तर दुरुस्त करून देतात, माणूस बदलून देत नाहीत. ओळखीनं होईल या आशेवर दोन दिवस घालवू नका. आम्ही घालवले.

तिकिटं दिरांच्या ओळखीच्या मडगावच्या एजंटकडून काढली होती. फोन केला तर म्हणाला, "नॉन-रिफंडेबल आसा बाय, कांय मेळचें ना. राहू दे तसंच." मी राहू दिलं. विमान गेलं.

एजंटचं ते वाक्य खोटं आहे. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचा नियम २०१६ पासून असा, की भाडं नॉन-रिफंडेबल असो, प्रवासी विमानतळावर आलेलाच नसो, सरकारी कर आणि विमानतळाचे आकार, म्हणजे यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क) वगैरे, परत द्यावेच लागतात. आपण प्रवास केला नाही, तर ते कंपनीने ठेवायचं कारणच नाही. रद्द करण्याचं शुल्कही मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही, आणि परतावा देण्यासाठी वेगळी फी घेता येत नाही. आमच्या प्रत्येक तिकिटात ५,१२० पैकी मूळ भाडं ३,९४० होतं. ते आणि वरचे २०० गेले, ते मी मान्य केलं. पण माणशी ९८० रुपये आमचे होते.

मोपाची फेरी: करू नका. म्हापशाहून गाडी काढली, धारगळपर्यंत चांगली गेले, रस्त्याबद्दल तक्रार नाही. पण तिकीट नसलेल्याला टर्मिनलच्या आत सोडत नाहीत. बाहेरच्या काउंटरवर दहा मिनिटांत उत्तर मिळालं की एजंटचं बुकिंग आहे, एजंटकडे जा. हे घरबसल्या फोनवरही कळलं असतं.

आता मडगाव. म्हापसा ते पणजी आणि पणजीहून कदंबची शटल, हे सोपं आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सगळा त्रास एजंटच्या ऑफिसच्या शेवटच्या जिन्यात आहे. पहिल्यांदा दुपारी पावणेदोनला पोचले, दार बंद. मडगावात दुपारी एक ते चार जाऊच नका. चार दिवसांनी सकाळी गेले, तर मालक नाही आणि टेबलावरच्या मुलाला काही माहीत नाही. दोन्ही वेळा मी रिकाम्या हाताने गेले होते, ही खरी चूक.

तिसऱ्यांदा तयारीने गेले. आदल्या रात्री विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून तिकिटाचा हिशेब काढला. मूळ भाडं, विमानतळाचा आकार, सुरक्षा शुल्क, जीएसटी, सगळं ओळीनं दिसतं. परताव्याची फोड दाखवणं कंपनीवर बंधनकारक आहे. ते कागद टेबलावर ठेवले. मालकाने स्क्रीन माझ्याकडून थोडी वळवली आणि एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे मांडले: ९८०, खाली ६८०, रेघ, ३००. "आमचो सर्व्हिस चार्ज," म्हणाला. म्हणजे क्षणापूर्वीपर्यंत जे मिळणारच नव्हतं, त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त त्याचे! तिकीट काढताना या चार्जचा शब्दही निघाला नव्हता. मी सही केली नाही. त्या पत्रिकेचा फोटो काढला आणि उतरले. पाय थरथरत होते, भुकेने की रागाने, माहीत नाही.

त्याच संध्याकाळी केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, एजंटविरुद्ध नाही, विमान कंपनीविरुद्ध. हे नीट लक्षात घ्या. त्याच २०१६ च्या नियमात एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी धरला आहे, परतावा पूर्ण करण्याची जबाबदारी कंपनीची, मुदत तेव्हा ३० कामाचे दिवस. हिशेब, पेन्सिलीचा फोटो आणि तिकिटं जोडली. पैसे क्रेडिट शेलमध्ये नकोत, खात्यातच हवेत, हे एका वाक्यात लिहिलं. पुढच्या प्रवासासाठी रक्कम ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं, कंपनीने नाही. इथून उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही.

तुमचं मूळ भाडं मोठं असेल, तर माझ्यासारखं विमान जाऊ देऊ नका. भाडं ६,००० आणि रद्द करण्याचं शुल्क ४,००० असेल तर वरचे २,००० वेळेत रद्द केल्यावरच येतात. रद्द करण्याआधी मात्र ईमेल तपासा. कंपनीने स्वतःच विमान रद्द केलं असेल तर पूर्ण पैसे मागता येतात, आपण घाईने रद्द केलं की तो हक्क गेला. चौघांतला एकच जाणार नसेल तर फक्त त्याचंच तिकीट रद्द करायला सांगा, सगळा पीएनआर नको.

आणि तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून निघू नका. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाभोळी, गोव्यातला दुसरा विमानतळ. आमच्या शेजारच्यांनी दाभोळी गाठली आणि विमान मोपाहून सुटलं. त्यांनाही मी कर परत मागायला लावलं.

अकराव्या दिवशी रात्री जेवताना बँकेचा मेसेज आला, पूर्ण ३,९२०. मी ताटावरून उठून सासूबाईंना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा मागितला, आकडा दोनदा वाचला, आणि पहिल्यांदाच वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत आल्या.